रवळूने परवाना जपला

एका गावात एक भोळा पाणबुड्या होता. गाव मालवणच्या खाली, किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, गाववाले भांडायला येतील. पाणबुड्याचं नाव रवळू. छाती भात्यासारखी, दम माशासारखा. पाठीवर टाकी न लावताही तो समुद्राच्या तळाशी जाऊन येई. डोकं तेवढं दर वेळी होडीत ठेवून जाई.

रवळूचा थोरला भाऊ परदेशी जहाजावर नोकरीला. घरी वहिनी, सुगंधा. तिने एक होडी घेतली, हवेच्या टाक्या घेतल्या, मास्क घेतले आणि पर्यटकांना पाण्याखाली नेऊन पोवळ्यांची रंगीत बेटं दाखवायला सुरुवात केली. घर त्याच्यावर चालायचं. परवाना मात्र दर वर्षी नवा घ्यावा लागे. परवाना नाही, तर होडी वाळूत उलटी.

पहिल्याच दिवशी रवळू खाली गेला आणि पोवळ्याची एक फांदी मोडून घेऊन आला.

"वयनी, तुझ्या तुळशीक."

वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो भावजी, ता जिता आसा. बोटाएवढा वाढाक वर्षा लागतत. पोवळाच नाय ऱ्हवला तर लोक काय माझा तोंड बघूक येतले? पाण्याखाली काय दिसात त्याका हात लावूचो नाय. जा जय आसा ता थयच ऱ्हवांदे."

"बरा," रवळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बादलीत कपडे भिजत घातले आणि पिळून वाळत टाकायला सांगून ती बाजारात गेली. संध्याकाळी आली तर कपडे बादलीतच. रवळू शेजारी राखण करत बसलेला. कपड्यांना हात लावायला आलेल्या शेजारणीलाही त्याने परत पाठवलं होतं.

"पाण्याखाली आसत," तो म्हणाला.

वहिनीने कपडे पिळले. जोरात पिळले.

मग सांगलीच्या एका प्राध्यापकांचा चष्मा होडीतून पाण्यात पडला. रवळूने लगेच उडी घेतली. वर आला तो हसतच.

"मिळालो?" वहिनीने विचारलं.

"मिळालो. वाळूत आसा. एक खेकडो त्याच्यातसून बघता."

"मग हाडलास खय?"

"थयच आसा. हात लावूक नाय."

प्राध्यापक सांगलीला परतले ते एसटीच्या पाट्या लोकांकडून वाचून घेत.

"चष्मो काय पोवळा आसा?" वहिनी म्हणाली. "भावजी, नीट ऐका. माणसाची वस्तू खाली दिसली की ती वर हाडूची."

"आधी सांगूचा मां," रवळू म्हणाला.

चार दिवसांनी पुण्याचं एक जोडपं आलं. रवळू त्यांना खाली घेऊन गेला. त्याने मासे दाखवले, पोवळी दाखवली, कशाला हात लावला नाही, लावू दिला नाही. तेवढ्यात त्याला वाळूत एक लोखंडी वस्तू दिसली. मोठी, चांगली जड, वर दोर बांधलेला. म्हणजे माणसाचीच. रवळूने ती उपसली आणि वर आणून होडीत ठेवली.

तो होडीचाच नांगर होता.

होडीत बसल्या बसल्या वहिनीचा डोळा लागला होता. ती जागी झाली तेव्हा होडी दीपगृहाच्या दिशेने बरीच पुढे गेली होती, आणि मागे दूर पाण्यात दोन डोकी भांडत होती.

"मी म्हटलं होतं महाबळेश्वरला जाऊ," त्यातलं एक म्हणत होतं.

त्या दोघांना होडीत ओढून घेतल्यावर, किनाऱ्यावर सोडल्यावर, चहा पाजल्यावर वहिनी रवळूकडे वळली. आवाज चढवायची ताकदही तिच्यात उरली नव्हती.

"भावजी, जोडीदाराक सोडून कधी वर येऊचा नाय. जोडीदाराशिवाय कधी खाली जाऊचा नाय. जो बाजूक आसात त्याचो हात धरूचो आणि सोडूचो नाय. कळला?"

"कळला," रवळू म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं. तोच तर घोटाळा.

परवान्याचा दिवस आला. परवाना द्यायला एक साहेब येत. पोवळी जिवंत आहेत की मेली, हे त्यांनी पाण्यात उतरून बघायचं आणि मग कागदावर शिक्का मारायचा. शिक्क्यावर अक्षरं होती : 'प्रत्यक्ष पाहणी केली'. गेली सहा वर्षं साहेब ही प्रत्यक्ष पाहणी जेटीवरच्या खानावळीत, सुरमईच्या ताटावर करत. पोवळ्यांची खबर सुरमईकडून मिळत असावी. या वर्षी मात्र वरून हुकूम आला होता, की पाहणीचा फोटो लावा. म्हणून साहेब नाइलाजाने होडीत बसले. पोवळ्यांवर होडी थांबली. साहेबांनी पाठीला टाकी बांधून घेतली, पायात माशासारखे पंख चढवले, मास्क लावला आणि सोबत आलेल्या शिपायाला म्हणाले, "घे फोटो. मग शिक्का मारतो आणि जेवायला जाऊ."

फोटोसाठी त्यांनी शिक्का हातात उंच धरला. होडी हलली. शिक्का पाण्यात गेला.

"अरे, बघतोस काय?" साहेब रवळूला म्हणाले. "जा, काढ."

रवळू उठला. जोडीदाराशिवाय खाली जायचं नव्हतं. त्याने बाजूला पाहिलं. बाजूला साहेब होते. अंगावर सगळं सामान चढवून तयार.

रवळूने साहेबांच्या तोंडात हवेची नळी घातली, हात धरला आणि उडी मारली.

वहिनीने रामेश्वराला नारळ बोलला. शिपायाने बुडबुड्यांचा फोटो काढला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वहिनीला होडी वाळूत उलटी पडलेली दिसायला लागली.

मग दोघे वर आले. साहेबांना होडीत घेतलं. त्यांनी मास्क कपाळावर सरकवला.

"तो निळा मासा," ते म्हणाले, "पिवळ्या शेपटीचा. तो रोज असतो तिथं?"

"रोज," वहिनी हळूच म्हणाली.

साहेबांनी कागद मागितला. ओल्या हाताने 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं स्वतः लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं. खाली सही केली.

"शिक्का कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दिसलो," रवळू म्हणाला. "पण माझो एक हात तुमच्या हातात. तुमी पळाक बघी होतास, म्हणान दुसरो तुमच्या पट्ट्यात."

"मग नंतर काढा. पण या कागदावर शिक्का पाहिजे. त्याशिवाय ही रद्दी. उद्या सकाळी दोन्ही घेऊन ऑफिसला या. शिक्का पाण्यात पडला होता हे मात्र कुठं बोलू नका."

जेटीवर वहिनी साहेबांना वाटेला लावायला उतरली. जाताना तिने कागद रवळूच्या हातात दिला.

"भावजी, ह्यो कागद म्हणजे आपली चूल. अशा जागी ठेवा, जय कोण हात लावूचो नाय."

रवळूने विचार केला. कपाटाला सगळेच हात लावतात. देव्हाऱ्याला वहिनी लावते. साऱ्या गावात अशी जागा एकच होती.

वहिनी परतली तर रवळू जेटीवर बसून डोक्यावरचं पाणी झटकत होता. बाजूला खानावळीतला पोऱ्या, तोही ओलाचिंब; जोडीदार म्हणून धरलेला त्याचा हात रवळूने अजून सोडला नव्हता.

"भावजी, कागद खय?"

"पोवळ्यात," रवळू म्हणाला. "थय हात लावूची कोणाची छाती नाय."

वहिनी जेटीच्या कडेला जाऊन पाण्यात वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "माणसाची वस्तू वर हाडूची, असा सांगितलेला मां मी?"

"माणसाची. ह्यो कागद सरकारचो."

"आणि शिक्को? तो तरी हाडलास?"

"शिक्को कागदावर आसा, वयनी," रवळू म्हणाला. "साहेबांका होयो होतो तसोच. बरो वजनदार आसा. कागद आता हलाचो नाय."