कळ हरवलेलं गाव

डोंगराआड एक गाव होतं. तिथे एक वैद्य आपल्या विधवा बहिणीसोबत राहायचा. डोंगरावर तीन वेली उगवत: पांढरी, काळी आणि तांबडी. पानं इतकी सारखी, की लोक त्यांना सख्ख्या बहिणी म्हणत. अंग दुखलं की तिघींचा एकत्र काढा घ्यायचा, ही गावाची जुनी रीत.

वैद्याला वाटलं, खरा गुण कोणत्या वेलीत आहे ते पाहावं. त्याने तीन मडक्यांत तीन काढे वेगवेगळे उकळले आणि दुखणेकऱ्यांना दिले. पांढरीने दुखणं संध्याकाळपर्यंत उतरलं. काळीने वाटी खाली ठेवण्याआधीच थांबलं. तांबडीने काहीच झालं नाही.

"सगळा गुण काळीत आहे," वैद्य म्हणाला. "बाकीच्या दोघी उपटून टाकू."

बहीण म्हणाली, "दादा, तांबडीचा वास निराळा आहे. तिच्यात काहीतरी असेल. घाई करू नकोस."

"जिने एकाचंही दुखणं थांबवलं नाही, तिच्यात काय असणार?"

त्याने सगळा डोंगर काळीने भरून टाकला. गाव तिचाच काढा पिऊ लागलं. हळूहळू कण्हणं थांबलं. मग पडलेली पोरंही रडेनाशी झाली. वैद्य खूश होता.

एका दुपारी त्याला गल्लीतल्या धुळीत रक्ताची पावलं दिसली. पुढे एक म्हातारा शांतपणे चालला होता. त्याच्या पायात बाभळीचा काटा आरपार गेला होता. शेजारच्या घरात एक बाई भाकरी भाजत होती. तिची बोटं तव्यावरच टेकलेली होती.

"बाई, हात भाजतोय तुमचा."

"हो का?" ती हसली. तिच्या मांडीवरचं तान्हं बाळ पार सुकलं होतं. "फार गुणी आहे हो. दोन दिवसांत भुकेसाठी एकदाही रडलं नाही."

वैद्य घरी धावला. बहीण गोधडी शिवत बसली होती. तिने आपलं बोटही गोधडीला शिवून टाकलं होतं.

तांबडीबद्दलचं तिचं बोलणं आठवून तो तसाच डोंगरावर गेला. कड्याच्या कपारीत तांबडीची एकच वेल उरली होती. ती आणून त्याने उकळली आणि बहिणीला पाजली. ती किंचाळली. ते ऐकून वैद्याला रडू फुटलं. दुखणं शमवणं हे तांबडीचं कामच नव्हतं. ती माणसाची जाणीव जागी ठेवत होती.

काळी बंद झाली. तांबडी घोटघोट सगळ्यांना मिळाली. त्या संध्याकाळी घराघरांतून रडण्याचे आवाज उठले. शेवटी ते बाळही रडलं, आणि आईने घाईने त्याला छातीशी धरलं.

तव्यावर भाजलेली तिची दोन बोटं मात्र गेली ती गेलीच. वैद्य रोज तिच्या हाताला पट्टी बांधायला जाई. ती कण्हली की तो मान खाली घालून ऐकत राही.

तात्पर्य: ज्याचा गुण आपल्याला दिसला नाही, ते बिनकामाचं समजून उपटू नये.