घराण्याचा दगड

"उतारावर तिने हात लावला, तर आपल्याला दगड मिळायचा नाही. तिला आधीच बजावून ठेवा," असं बत्तीबाई म्हणाल्या, आणि ते त्यांच्या सुनेने, पट्टीने, ऐकलं. तिने ऐकावं असा त्यांचा हेतू नव्हता. गाडी दुपारची चिंचेखाली उभी होती. चाकाच्या आत बसलेलीला बाहेरचं सगळं ऐकू येतं, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या मुलखातले घोडे संपले होते. म्हणजे गवत खात उभे होते, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. गाड्या आपल्या आपण चालत, आणि एकेका गाडीत एकेक घराणं नांदे. मुलखाच्या मधोमध एक लांबलचक, वळणावळणाचा उतार होता. त्या उतारावर गाडी जिथे आपणहून थांबेल तिथे त्या घराण्याचा दगड रोवायचा, अशी रीत होती. कोणी धरून थांबवलेली गाडी मोजत नसत. दगडावर कर्त्याचं नाव आणि त्याने केलेली नवलाई कोरलेली असे. 'इथे पहिल्यांदा घोडा मागे पडला.' 'इथे पहिल्यांदा गाडीने आपला उजेड आपण पाडला.' शाळेत हे दगड पाठ करून घेत. मुलखाचा इतिहास म्हणजे त्या उताराच्या कडेचे दगड, दुसरं काही नाही.

पट्टी ज्या घरात सून म्हणून आली, त्या घराचा दगड अजून व्हायचा होता, आणि तेवढंच त्या घराचं दुःख होतं. सासरे इंजिनराव सकाळी खोकत उठत आणि एकदा घसा मोकळा झाला की दिवसभर कोणाचं ऐकत नसत. सासूबाई, म्हणजे बत्तीबाई, पाहुणे दिसले की उजळत. धाकटा दीर भोंगा सगळ्यांच्या वतीने बोले. नवरा सुकाणू स्वभावाने फार चांगला होता. जो धरेल त्याच्या बाजूला वळायचा.

पट्टी चामड्याची. तिचं माहेर म्हणजे मोच्याची बैठक. लोखंडाच्या घराला असली सोयरीक का करावी लागली, त्याचं कारण साधं होतं. आधी चाक धरायला लाकडाचा ठोकळा होता. एका लग्नाला जाताना विहिरीजवळच्या जराशा उतारावर तो जळून गेला, गाडी थेट कडब्याच्या गंजीत शिरली आणि बत्तीबाईंची काच तडकली. दुसऱ्याच दिवशी इंजिनराव मोच्याच्या दारात उभे. मागणी घालताना ते इतके हळू आवाजात बोलले की भोंग्याला वाटलं, बाबांना बरं नाही.

लग्न झालं. पट्टीला चाकाच्या आत बसवलं, खिळे ठोकले, आणि बत्तीबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "बाहेरून दिसत नाही ना?"

दिसत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात नाल्याकडे उतरताना समोर बदकांचा थवा आला. भोंगा ओरडला, बदकं जागची हलेनात. पट्टीने चाक धरलं. अंग भाजलं, धूर निघाला, आणि गाडी पहिल्या बदकाच्या चोचीपाशी थांबली. नंतर बैठकीत तो किस्सा रंगला.

"मला आतूनच वाटलं, थांबावं. थांबलो," इंजिनराव म्हणाले.

"मी ओरडलो नसतो तर वाटलं असतं का तुम्हाला?" भोंगा म्हणाला.

"आणि मला दिसलं म्हणून तू ओरडलास," बत्तीबाई म्हणाल्या. मग नाकाला पदर लावून चाकाकडे वळल्या. "सूनबाई, केवढा हा वास! पाहुण्यांसमोर तरी जरा कमी जळत जा."

पाहुणे हसले.  पट्टी चारचौघांत बोलत नाही, म्हणून तिला समजत नाही, असं त्या घराने ठरवून टाकलं होतं. ते एका परीने सोयीचं होतं. तिच्यासमोर कोणी जपून बोलत नसे.

सुकाणूला तिने एकांतात विचारलं, "कोणी थांबवली, ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं गं."

"मग?"

"आता बाबांचा या वयात पाणउतारा करू का? घरात जरा शांतता राहू दे." आणि तो भिंतीकडे वळला.

त्यानंतर घराण्याच्या दगडाची तयारी सुरू झाली. उतार आधी बघून यावा म्हणून गाडी कडेच्या वाटेने सावकाश खाली नेऊन आणली. बाकीची मंडळी उंचावर होती. ती दगडांची दर्शनी बाजू बघत होती, नावं मोठ्याने वाचत होती, हात जोडत होती. पट्टी चाकाच्या आत, जमिनीलगत. तिला चाकाच्या फटीतून, दगडांच्या मधून, त्यांच्या मागे काय आहे ते दिसत होतं. 'घोडा मागे पडला' लिहिलेल्या दगडामागे झाडाचं खोड मधोमध फुटलेलं होतं. 'आपला उजेड आपण पाडला' लिहिलेल्या दगडामागे गवतात काचा होत्या. एका दगडामागे कठडा बाहेरच्या बाजूला वाकला होता आणि त्याच्यापलीकडे दरी होती. सरळ रस्त्यावर एकही दगड नव्हता.

घरी आल्यावर तिने सासूला विचारलं, "आई, ती मंडळी आता कुठे असतात?"

"कोणती?"

"दगडांवरची. हळदीकुंकवाला त्यांच्यातलं कधी कोणी आलेलं दिसलं नाही."

बत्तीबाई क्षणभर मंद झाल्या. मग म्हणाल्या, "मोठी घराणी ती. आपल्याकडे कशाला येतील? आणि तू नको ते बघत जाऊ नकोस."

चिंचेखालचं ते बोलणं याच्या दुसऱ्या दिवशीचं. तिन्हीसांजेला सुकाणू तिच्याशी बोलायला आला, तेव्हा काय सांगायला आला हे तिला ठाऊक होतं. त्याने बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून घेतलं. शेवटी म्हणाला, "उद्या उतारावर तू फक्त बसून राहा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आणि गाडी थांबली नाही तर?"

"आजवर सगळ्यांच्या थांबल्याच आहेत की."



सकाळी गाडीला तोरणं बांधली. दगड आधीच कोरून आणला होता, कारण रोवताना लोकांसमोर घाई नको. इंजिनरावांच्या नावाखाली लिहिलं होतं: 'इथे पहिल्यांदा गाडी कोणीही न थांबवता थांबली.' तो दगड गाडीच्या मागच्या बाजूला चढवला. चढवताना चाकं चेपली, तेव्हा भोंगा म्हणाला, "वजनदार आहे हो बाबा तुमचं नाव!" सगळे खूश झाले. निघताना बत्तीबाई खाली वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवायचे हं, सूनबाई."

पट्टीने हात मांडीवर ठेवले.

सुरुवातीला मौज होती. कडेला माणसं उभी होती, फुलं पडत होती. इंजिनराव गरजत होते, आणि पहिल्या वळणानंतर ते गप्प झाले तरी गाडीचा वेग कमी झाला नाही. दगड मागून ढकलत होता. दुसऱ्या वळणावर सुकाणू हिसडे खाऊ लागला. भोंगा ओरडत होता, पण आता तो कोणाला बाजूला हो म्हणून ओरडत नव्हता. बत्तीबाईंना समोर काय आहे ते सगळ्यांत आधी दिसलं. वाकलेला कठडा.

"सूनबाई!"

पट्टीचे हात मांडीवर होते.

"वहिनी, धरा ना!"

"अगं, धर," सुकाणू म्हणाला. त्या घरात त्याने पहिल्यांदा कोणाला काही स्वतःहून सांगितलं होतं. "माझं चुकलं. धर."

तिने धरलं. जेवढं अंग होतं तेवढं सगळं चाकाला लावलं. चामडं करपलं, एक खिळा उडाला, धुराने रस्ता झाकला. धूर निवळला तेव्हा पुढची चाकं कठड्याला टेकली होती आणि खालून दरीतला वारा वर येत होता. गाडी उतारावर तिरकी उभी होती, मागे दगड, पुढे दरी, आणि मध्ये ती एकटी ताणलेली.

 मग लोक धावत येताना दिसले, तशा बत्तीबाई उजळल्या. इंजिनराव खाकरले.

"मला आतूनच वाटलं," ते म्हणाले, "हीच ती जागा."

"वा बाबा!" भोंगा म्हणाला.

बत्तीबाईंनी नाकाला पदर लावला. सुकाणूने पट्टीकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि तो हळूहळू वळू लागला.

"दगड उतरवा," इंजिनरावांनी मागच्या माणसांना हुकूम सोडला. "इथेच रोवा."

तेव्हा चाकाच्या आतून आवाज आला. तो कोणाचा, हे त्यांना पटकन कळलंच नाही, कारण चारचौघांत तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"रोवा, मामंजी. नीट खोल रोवा. रोवून झाला की मला हाक मारा, म्हणजे मी सोडते."