मापाड्याची ओंजळ

पूर्वी शंखिनी नदीच्या काठी पद्मखेट नगरात वज्रबाहू राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या बाजारात मापाड्याच्या घरी जन्मले. वयात आल्यावर वडिलांचं माप त्यांच्या हाती आलं. घाटावर माल उतरला की ते मापून देत आणि त्यातून एक ओंजळ स्वतःसाठी काढून घेत. पोतं असो की पाटी, ओंजळ एकच. हेच त्यांचं वेतन. पणजोबांपासून तसंच चालत आलं होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

त्यांच्या बायकोचं नाव उत्पला. पदरात आठ महिन्यांची मुलगी, आणि हिचा जीव सदा टांगणीला. बाळ जास्त वेळ झोपलं तर नाकाशी बोट धरून बघायची, कमी झोपलं तर दृष्ट काढायची.

नगरात मीठ विकणारे सहा जण होते. त्यांतल्या भद्रसेन नावाच्या व्यापाऱ्याने एके दिवशी भाव निम्मा केला. बायका मडकी घेऊन धावल्या, त्याला देवमाणूस म्हणू लागल्या. बाकीच्या पाच जणांनी दोन महिने कसेबसे काढले, मग एकेकाने दुकानाला फळ्या लावल्या. शेवटची फळी लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी भद्रसेनाने भाव चौपट केला.

शेजारची मालिनी वाटी घेऊन उत्पलेच्या दारात आली.

"चिमूटभर मीठ दे गं. पोराला जुलाब लागलेत, अळणी पेज तोंडातून बाहेर काढतो."

उत्पलेने वाटी भरून दिली. मालिनी घेऊन निघाली, पण जाता जाता म्हणाली, "तुझं काय बाई! भाव चढो की पडो, नवऱ्याची ओंजळ आहेच."

ते बोलणं उत्पलेच्या मनातून जाईना. कोनाड्यातलं मिठाचं भरलेलं मडकं तिला उगीचच डोळ्यांवर येऊ लागलं.

लोक राजाकडे गेले. राजाने दवंडी पिटवली, जुन्या भावाने मीठ विका, नाहीतर दंड. भद्रसेनाने हात जोडले आणि भाव उतरवला. दुसऱ्या दिवशी बायकांनी आणलेलं मीठ शिंकाळ्यातून टिपटिप गळू लागलं. पाणी शिंपडून त्याने ते जड केलं होतं. मडक्यात निम्मं मीठ आणि निम्मा चिखल.

राजा चिडला. "याची कोठारंच लुटा."

लोकांबरोबर सभेत आलेले बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आज लुटलंत तर उद्या या नगरात मीठ कोण आणेल? ते पाच जण का गेले आणि दुसरं कुणी का येत नाही, एवढं मला आधी बघू द्या."

सकाळी ते घाटाकडे निघाले, तर उत्पलाही बाळ कडेवर घेऊन मागोमाग. "घरी बसून मला काही सुचायचं नाही," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.

पलीकडच्या तीरावर, मिठागरांच्या वाटेवर, एक म्हातारी पाटी शेजारी ठेवून पाय चोळत बसली होती. तिचं नाव सोमा. पाटी मिठाने भरलेली, पण तिचं तोंड नगराकडे नव्हे, परत आपल्या गावाकडे.

"आजी, नगर त्या बाजूला आहे," उत्पला म्हणाली.

"ठाऊक आहे. डोळे गेले नाहीत अजून माझे," म्हातारी म्हणाली. "नगरात जाऊन करू काय? घाटवाल्याची ओंजळ, पहारेकऱ्याची ओंजळ, झाडणाऱ्याची ओंजळ. नऊ जणांच्या नऊ. पोत्यातून गेली ओंजळ तर पोत्याला कळतसुद्धा नाही. माझी पाटी मात्र अर्धी होते. त्यात आम्ही दिसलो की तो भद्रसेन त्या दिवसापुरता भाव पाडतो. पाटी भरलेली असती तर तेही सोसलं असतं. अर्ध्या पाटीत पायांचं तेलही सुटत नाही. आम्ही वळलो की हा पुन्हा चढवतो."

"आणि मापाडी काही म्हणत नाही?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"तो काय म्हणेल?" म्हातारी त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली. "नवांत त्याचाच हात सगळ्यांत मोठा!"

बोधिसत्त्वांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. उत्पलेचे कान तापले. तिने बाळाचं नीट बसलेलं टोपडं पुन्हा सारखं केलं.

घरी पोचतात तो भद्रसेन ओसरीवर बसलेला. तो गोड बोलला. "मापाडीबुवा, फिरता कशाला उन्हात? तुमची ओंजळ मी वर्षभर घरपोच पाठवीन. लेकीला चांदीचे वाळे करा. फक्त आहे ते आहे तसं चालू द्या."

तो गेल्यावर बोधिसत्त्व म्हणाले, "उत्पले, पाट्यांना अडवणारी भिंत त्याने बांधलेली नाही. आमच्या नऊ जणांच्या हातांची आहे, तो नुसता आड बसला आहे. पहिला हात मला काढावा लागेल. पण ती ओंजळ माझ्या एकट्याची नाही. तिच्यावर तू आणि बाळ जेवता. तू नको म्हणालीस तर मी दुसरी वाट शोधीन."

उत्पला बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागली. उद्या ताप आला तर? दूध आटलं तर? कुंपणापलीकडे मालिनीचं पोर किरकिरत होतं. मालिनी त्याला पेज भरवत होती आणि ते बाहेर थुंकत होतं. उत्पला थांबली.

"अहो, मी काय, रोजच भीत भीत जगते," ती आत येऊन म्हणाली. "तसंच भीत भीत हेही करू. उद्या ओंजळ सोडून या."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी राजसभेत दोन्ही हात पसरले. "महाराज, ही ओंजळ मी सोडली. आता बाकीच्या आठही सोडवा, आणि आम्हाला तुमच्या कोठारातून जे जमेल ते धान्य द्या. दवंडी मागे घ्या. डोक्यावर पाटी घेऊन येईल त्याला घाटावर कुणी हात लावू नये, एवढाच कायदा पुरे."

तसं झालं. चौथ्या दिवशी सोमा आली, तिच्यामागे बारा पाट्या. भद्रसेनाने लगेच भाव पाडला. राजा म्हणाला, "याला स्वस्त विकायला बंदी करू का?"

"विकू द्या, महाराज. लोक खातील. पाट्या आता भरलेल्या पोचतात, दोन दिवस पडता भावही सोसतील. त्याने भाव चढवला की त्या घाटावर असतीलच."

भद्रसेनाने तीनदा भाव पाडला, तीनदा चढवला. तिन्ही वेळा पाट्या हजर. मग तो कंटाळला आणि इतरांसारखंच कोरडं मीठ विकू लागला.

कोठारातून येणारं धान्य पुरतं की नाही, हा घोर उत्पलेला लागून राहिला. आता ती चारचौघींसारखी मीठ विकत घेई. एकदा भावासाठी घासाघीस करताना सोमाने तिला ओळखलं.

"अगं बाई! तू त्या मोठ्या हाताची बायको ना?" म्हणत तिने आपल्या सुरकुतल्या हातांची एक ओंजळ वर घातली.

विहारात जमलेल्यांना ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे विहिरीचा दोर आपल्या कुटीत ठेवून सर्वांना ताटकळवणारा तुमच्यातला हा भिक्षू. सोमा म्हणजे रोज पहिली भिक्षा वाढणारी म्हातारी. बाळ रडतं म्हणून तीनदा उठून बाहेर गेलेली आणि तीनदा परत येऊन दाराशी बसलेली ही उपासिका तेव्हा उत्पला होती. मापाडी मीच होतो. माझे हात रिकामे झाले ते हिच्या होकाराने. भीती न जाताही जे सोडता येतं, त्याला त्यागपारमी, त्यागाची परिपूर्णता, म्हणतात."

तो भिक्षू उठला आणि दोर विहिरीवर बांधून आला.