वांग्यांच्या देशातली सुतारीण

आमच्या घरामागे एक देश होता. पूर्वेला पाटणकरांची भिंत, पश्चिमेला कपडे वाळत घालायची तार, मध्ये वांग्यांचे वाफे आणि दोडक्यासाठी घातलेला बांबूचा मांडव. एवढाच देश. पण देशाला जे जे लागतं ते सगळं तिथे होतं. खाणारे होते, खोदणारे होते, आणि मधूनमधून काम करणारेही होते.

या देशावर पूर्वी बाईंचं राज्य होतं. बाई म्हणजे आमची ही. तिनं कधी निवडणूक घेतली नाही. सकाळी खुरपं घेऊन उतरायची, ज्याला रागवायचं त्याला रागवायची आणि पाणी सगळ्यांना सारखं द्यायची. मांडवाच्या एका आडव्या बांबूला एका मोठ्या काळ्या भुंगीनं भोक पाडून आत घर केलं होतं. ही तिला सुतारीण म्हणायची.

मी एकदा म्हणालो, "अगं, बांबू पोखरतेय ती. हाकल तिला."

"असू द्या हो," ही म्हणाली. "भाडं देते ती. वांग्यांत देते."

मला वाटलं, थट्टा करतेय.

दिवाळीनंतर बाई गेल्या. नळ गळका होता म्हणून देश जगला. मी मागच्या ओट्यावर खुर्चीत बसून असायचो. बोलायचो नाही, हलायचो नाही, हातातला चहा गार करायचो. एवढ्या पात्रतेवर प्राण्यांनी मला देशाचं सर्वोच्च पद दिलं.

मग खालच्या पदासाठी निवडणूक झाली. उभा राहिला घुशींतला एक नर. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्याची निशाणी होती खड्डा आणि घोषणा होती, 'प्रत्येक घराला हक्काचा खड्डा'. आश्वासन पाळणारा पुढारी देशानं पहिल्यांदाच पाहिला. निकालाच्या आतच बागभर खड्डे झाले. तारेवरून पळणारी खारूताई एका खड्ड्यात पडली आणि पाय मुरगळून बाहेर आली. तिनंही मत भाऊसाहेबांनाच दिलं. म्हणाली, "माणूस निदान काही करतो तरी."

शपथविधी मांडवाखाली होता. भाऊसाहेब मागच्या दोन पायांवर उभे राहिले आणि म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो आणि गांडुळांनो..." एवढ्यात त्यांच्या डोक्यावर पिवळी भुकटी पडायला लागली. त्यांना वाटलं भंडारा उधळला. ते खूश झाले. त्यांनी आणखी मान पुढे केली. पण वरून भुकटीबरोबर जोराची गुणगुणही येत होती आणि भाषण कोणालाच ऐकू जात नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. सुतारीण नवी खोली काढत होती. तो बांबूचा भुसा होता.

त्याच दिवशी हुकूम निघाला. देशात यापुढे गुणगुणायचं नाही.

प्रवक्ता होता बेडूक. तो नळाखालच्या ओल्या विटेवर बसून म्हणाला, "हा कायदा कोणाविरुद्ध नाही. ज्याला गुणगुणायचं आहे त्यानं मनात गुणगुणावं."

सुतारीण कायदा मानणारी होती. ती वांग्याच्या जांभळ्या फुलाला लटकायची, पण गप्प. आता वांग्याच्या फुलाचं असं असतं, की ते आपली पूड सहजासहजी देत नाही. भुंग्यानं त्याला घट्ट धरून अंगभर गुणगुणावं लागतं, तेव्हा ते हलतं आणि पूड सोडतं, तेव्हा वांगं धरतं. हे त्या देशात कोणालाच माहीत नव्हतं. सर्वोच्च पदावरच्यालाही नव्हतं. फुलं यायची, सुकायची, पडायची.

वांगी संपत आल्यावर जी उरली होती ती सुरक्षिततेसाठी भाऊसाहेबांच्या बिळात हलवण्यात आली. ती तिथे इतकी सुरक्षित राहिली की पुन्हा कोणाला दिसली नाहीत.

खारूताई विचारायला गेली. "भाऊसाहेब, वांगी का हो धरत नाहीत?"

"कोण म्हणतं धरत नाहीत? फूल म्हणजे काय? लहान वांगंच ते."

"पण ते पडतंय."

"पडत नाही. खाली येतंय. जनतेपर्यंत."

तरी गुणगुण थांबल्यापासून वांगी थांबली, अशी कुजबुज सुरू झालीच. मग सरकारनं ठरवलं, आवाजच पाहिजे ना, सरकारी आवाज देऊ. बेडकाला फुलाखाली बसवलं. त्यानं गाल फुगवून असा आवाज काढला, की फूल त्याच्या डोक्यावर पडलं. "फुलांचा प्रतिसाद उत्स्फूर्त आहे," असं त्यानं फूल न काढताच जाहीर केलं.

पण दोष कोणाला तरी द्यायलाच हवा होता. तो सुतारणीला दिला. मनातल्या मनात गुणगुणून ती फुलांना भडकवते, असा आरोप ठेवला. शिक्षा अशी, की तिच्या घराचं दार चिखलानं बंद करायचं.

या हुकमाला माझी संमती लागत होती. भाऊसाहेब माझ्या पायावरून पळत गेले. मी पाय हलवला नाही. संमती मिळाली.

सुतारीण बिळाच्या तोंडाशी गेली. "साहेब, माझी पोरं आत आहेत हो. एकेकाला खोली करून दिलीय, शिदोरी ठेवलीय. पंख फुटले की बाहेर येतील. दार नसलं तर मरतील."

"पोरांची नोंद आहे?"

"अजून जन्मली नाहीत धड."

"मग मरतील कशी?" भाऊसाहेब म्हणाले. "हे बघा बाई, आमचं सरकार संवेदनशील आहे. बाहेर यायची परवानगी हवी असेल तर पोरांनी स्वतः बाहेर येऊन अर्ज करावा."

दार लिंपायचं कंत्राट कुंभारीण माशीला मिळालं. ओंजळभर चिखल मंजूर झाला. त्यातला निम्मा भाऊसाहेबांच्या बिळाचा उंबरठा करण्यात गेला. थोडा बेडकानं विटेवर बैठकीसाठी घेतला. पहाऱ्याला नेमलेल्या दोन पालींनी आपापल्या फटी बुजवून घेतल्या. उरलेल्यातून स्वतःच्या पोरांसाठी दोन मडकी करून कुंभारीण मांडवावर आली.

"राग धरू नकोस गं," ती सुतारणीला म्हणाली. "मी नाही केलं तर दुसरी कोणी करील."

"माझी पोरं गुदमरतील."

"या चिखलात? बाई, मला मिळालाय किती ते तर बघ." आणि तिनं पापडाएवढं पातळ दार लावून दिलं. वरून मात्र छान गुळगुळीत केलं.

पाली दाराच्या दोन्ही बाजूंना बसल्या. सुतारीण जवळ आली की जिभा बाहेर काढायच्या. ती फिरून फिरून दमायची आणि माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसायची. मी तिच्याकडे बघायचो, ती बांबूकडे बघायची. दोघंही आवाज करत नव्हतो.

पुढे देशात उपास पडायला लागले. तेव्हा सरकारनं वांगी महोत्सव जाहीर केला. वांगी नव्हती, म्हणून कुंभारणीकडून मातीची करून घेतली आणि रांगेत वाटली. खारूताईनं चावा घेतला आणि दात धरून बसली.

"अहो, माती आहे ही!"

"देशाची माती आहे," बेडूक म्हणाला. "चावायची नाही. कपाळाला लावायची."

सगळ्यांनी लावली. भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले. "काही लोक विचारतात, वांगी कुठे आहेत? मी त्यांना विचारतो, तुम्ही कुठे आहात?" यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या, आणि शांततेत बांबूच्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली.

ती मलाही ऐकू आली. रोज सकाळी चहा घेताना ऐकायची सवय होती. तेव्हा हिचं बोलणंही त्याच बाजूनं यायचं.

मी खुर्चीतून उठलो.

देशात घटनात्मक पेच निर्माण झाला. सर्वोच्च पद उठतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी ओट्याच्या पायऱ्या उतरून मांडवाकडे गेलो, तशा पाली पहारा सोडून भिंतीपलीकडे पाटणकरांच्या देशात पळाल्या. मी बांबूला कान लावला. आत धडपड चालली होती. सुतारीण माझ्या खांद्यावरून झेपावली आणि बाहेरून दार कुरतडायला लागली. पापडाला किती वेळ लागणार? चिखलाचा पोपडा खाली पडला आणि भोकातून एक ओलसर काळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी मिशा सारख्या केल्या.

"बंधूंनो," ते म्हणाले, "आमच्या 'नव्या पिढीला नवं दार' या योजनेचं आज उद्घाटन झालं, असं मी जाहीर करतो."

टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. खारूताईनं तर दुखऱ्या पायानंही ताल धरला.

पोरांना कायदा कोणी सांगितला नव्हता. ती फुलांना लटकली आणि पोटभर गुणगुणली. आईही गुणगुणली. पुढे वांगी धरली. मी खुरपं शोधून काढलं आणि रोज बागेत उतरायला लागलो, त्यामुळे माझं पद गेलं. पहिलं वांगं मी तोडलं तेव्हा सुतारीण शेजारच्या फुलावर होती. भाडं पोचलं, असं मी तिला सांगितलं. सांगायला हवं होतं ते दुसऱ्या कोणाला, पण तिलाच सांगितलं.

बांबूवर आता पाटी आहे. 'हे भोक भाऊसाहेबांच्या दूरदृष्टीतून साकारले.' सुतारणीचं नाव पाटीवर नाही. अनावरणाच्या वेळी ती कामावर होती.

परवा पुन्हा निवडणूक लागली. या वेळी भाऊसाहेबांनी निशाणी बदलून घेतली. खड्डा सोडला आणि भुंगा घेतला. सुतारीणही अर्ज भरायला गेली होती. तिला सांगण्यात आलं, "बाई, भुंगा गेला. तुमचा त्याच्याशी संबंध असल्याचा काही पुरावा आहे का? नाही ना? मग तुम्ही खड्डा घ्या."