भेगेवरची काच

त्या राज्यातली जमीन झोपाळू होती आणि झोपेत कूस बदलायची तिला खोड होती. दोन-तीन पिढ्यांतून एकदा ती मोठी कूस बदलत असे आणि त्या दिवशी राज्यातल्या निम्म्या भिंती आडव्या होत. मधल्या काळात ती नुसतं अंग चाळवी. त्याने कुठे माती झडे, कुठे एखादा कोनाडा तिरका होई, आणि राज्यकारभार पुढे चालू राही.

या राज्याला अभिमान वाटावा असं एकच काही होतं, ते म्हणजे दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला चित्रमहाल. त्याच्या लांब भिंतीवर एका पंगतीचं चित्र होतं. पानं मांडलेली, शंभर पाहुणे मांडी घालून बसलेले, आणि डाव्या टोकाला येसाक्का नावाची वाढपीण हातात भातवाढी घेऊन वाकलेली. रंगाऱ्याने तिला पहिल्या पानाशी आणून सोडलं होतं, त्यामुळे चारशे वर्षांत भाताचं एक शीतही कोणाच्या पानात पडलं नव्हतं. पहिल्या पानावर बसलेल्या म्हाताऱ्या दाजीबांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. दूरदूरची पाखरं हे चित्र बघायला येत, माना वाकड्या करकरून बघत, आणि त्या बघण्यावरच पंगतीचं पोट भरत असे.

फार पूर्वीच्या एका मोठ्या कुशीच्या वेळी या भिंतीला एक भेग गेली होती, नेमकी येसाक्का आणि दाजीबा यांच्या मधून. जुन्या भिंतीला भेग असायचीच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच, की ती वाढते आहे की नाही. ते कळावं म्हणून तिच्यावर आडवी एक काचपट्टी बसवत. वीतभर लांब, बोटभर रुंद, पापुद्र्यासारखी पातळ. एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दोन्ही चुन्याच्या गोळ्यांत घट्ट रोवलेली. भिंत सूतभर जरी हलली तरी काच तडकते. ती तडकली की भिंतीचा सरळपणा तपासणारा ओळंबा वर दरबारात वर्दी देई. मग गवंड्यांच्या थाप्या येत, भेगेत चुना भरत, टेकू येऊन भिंतीला खांदा देत, आणि पुढची कूस निभावून जाई. राज्यात भिंती पुष्कळ आणि टेकू मोजके, म्हणून ते बोलावल्याशिवाय येत नसत. काचपट्टीला आयुष्यात काम एकच होतं, वेळेवर फुटण्याचं.

ही काचपट्टी त्या भेगेवरची बारावी. आधीच्या अकराजणींना तिने पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कशी? आधीची फुटून तिचे तुकडे केरसुणीने गोळा केल्यावरच नवी बसायची. दोन काचपट्ट्यांची एकमेकींशी कधी गाठच पडत नाही. आपण कोणासारख्या दिसतो, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

पंगत तिच्याशी बोलत नसे. आज आहे, उद्या नाही, तिच्याशी ओळख कशाला वाढवा, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. खालच्या बाजूला दिवसभर गप्पा चालत. भात आंबेमोहोर की जिरेसाळ यावर चारशे वर्षं वाद चालला होता. एकदा तिने धीर करून विचारलं, "भात नक्की कसला आहे हो?" गप्पा क्षणभर थांबल्या आणि तिला वगळून पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस ती तोच प्रश्न मनात घोळवत राहिली, त्यात आपलं काय चुकलं असावं म्हणून.

महिन्यातून एकदा ओळंबा येई, तेवढाच काय तो तिचा सोबती. पितळेचा, पोट सुटलेला, दोऱ्याला लोंबणारा. सरळ खाली लोंबण्यापलीकडे त्याला काही येत नसे आणि खोटं बोलणं त्याच्या अंगातच नव्हतं. तो भिंतीला लागून हळूच खाली येई, तिच्यापाशी थांबे आणि विचारी, "काय पोरी, बरी आहेस ना?"

"बरी आहे, आजोबा."

"तशी वेळ आली तर फुटायला कचरू नकोस. मला कळतं ते बोटाबोटाने कळतं. तुला सुतासुताने कळतं. दरबार तुझंच ऐकतो."

एवढं बोलून तो वर जाई, आणि पुढचा महिनाभर तिला ती चार वाक्यं पुरवावी लागत.

तिसऱ्या वर्षी येसाक्का आपण होऊन बोलली. म्हणाली, "पोरी, तुझ्या आधीची फुटली ना, तेव्हा दीड वर्ष आमच्या तोंडावर गोणपाट होतं. पुढ्यात टेकू उभे. एक पाखरू फिरकलं नाही. तू मात्र गुणाची दिसतेस."

काचपट्टीशी कोणी बोललं होतं, तेच अजून तिला खरं वाटत नव्हतं.

"फुटली नाहीस, तर तू आमचीच," येसाक्का म्हणाली. "दाजीबांच्या शेजारी बस. नाव ठेवू तुला. अक्षता म्हणू."

"पण आक्का, फुटणं न फुटणं माझ्या हातात कुठे आहे? भिंत हलली की मी जाणार."

यावर दाजीबा खाकरले. "दोन्हीकडे धरून राहिलीस तर जाशीलच. एकीकडचं सोड की. दिसायला काही फरक पडायचा नाही."

भिंतीच्या पायात ओल राहत असे. ती सगळ्या घरांत शिरलेली, पण आजवर तिला या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. पंगतीने तिला मानाने बोलावलं. उजवीकडच्या गोळ्यात आतून जरा हात फिरव, वरून धक्का लावू नकोस, असं सांगितलं. ओल तयारच होती. काचपट्टीने विचाराला दोन दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर तिने विचार असा काही केलाच नाही. तिला त्या पंगतीत बसायचं होतं, आणि ते हवं असणं इतकं जुनं आणि इतकं मोठं होतं की दुसरं काही आत मावत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती हो म्हणाली.

ते वर्ष तिच्या आयुष्यातलं सुखाचं गेलं. सगळे तिला अक्षता म्हणत. भात जिरेसाळच आहे असं तिने मत दिलं, तर अर्ध्या पंगतीने तिची बाजू घेतली. पाखरांना येसाक्का कौतुकाने दाखवी, ही आमची अक्षता.

मग पावसाळा सरता सरता एका सकाळी जमिनीने अंग चाळवलं. फार नाही, पाण्याने भरलेल्या घागरीवर तरंग उठावा इतकंच. भेग तांदळाच्या दाण्याएवढी उघडली. काचपट्टीचं उजवं टोक गोळ्याच्या आत गुळगुळीत सरकलं आणि ती होती तशी राहिली. आपल्या बरोबर मधोमध, जिथून आपण तडकायचो ती जागा कुठली, हे तिला त्या क्षणी कळलं. तिथे काहीही झालं नाही. पंगतीने तिला शाबासकी दिली. दाजीबांच्या गुडघ्यावर एक नवी चीर आली होती, तिच्यावर त्यांनी उपरण्याचा पदर ओढून घेतला.

चार दिवसांनी ओळंबा आला. खाली येऊन तो भिंतीपाशी स्थिरावला. मग म्हणाला, "पोरी, आज मी भिंतीपासून बोटभर लांब लोंबतोय. वर टेकलेलो आहे आणि खाली बोटभर फट दिसते. भिंत झुकली असेल तरच असं होतं. पण तू तर अखंड आहेस."

पंगतीतला एकूण एक जण कान टवकारून होता. येसाक्का तिच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, नुसतीच बघत होती. काचपट्टीला ते महिन्यातले एकोणतीस दिवस आठवले, कोणी न बोललेले.

"तुमचा दोरा जुना झालाय, आजोबा," ती म्हणाली. "पीळ पडला असेल."

ओळंबा थोडा हलला. "असेल," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर असेल. माझंच वय झालं." त्याच्या आवाजात शंकेचा मागमूसही नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. पण तोपर्यंत तो वर निघाला होता.

दरबार कळसांचा होता. ते सगळ्यात उंच बसत, सोन्याचा मुलामा दिलेले, आणि भेग म्हणजे काय हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ओळंब्याने त्यांच्यापुढे आपल्या म्हातारपणाची कबुली दिली. कळसांनी त्याला मोठ्या मनाने रजा दिली, कोठीतल्या खुंटीवर त्याची सोय केली आणि जाहीर केलं, की ज्या भिंतीवरची काच इतकी वर्षं अखंड आहे तिच्याकडे वारंवार बघत बसणं हा त्या भिंतीचा अपमान आहे. जवळच राखून ठेवलेले टेकू दुसऱ्या प्रांतात रवाना झाले. काचपट्टीला झेंडूचा हार आला.

त्यानंतर जमीन वरचेवर चाळवू लागली. दर वेळी भेग थोडी उघडे, काच थोडी सरके. पंगतीतल्या गप्पा कमी झाल्या. भेगेचं नाव कोणी काढत नसे, आणि नाव काढायचं नाही म्हटल्यावर बोलायला फारसं काही उरलं नाही. भाताचा वादही मिटला. काचपट्टी शंभर जणांच्या पंगतीत बसलेली होती आणि पूर्वी कधी नव्हती इतकी एकटी होती.

एका दुपारी तिने फुटायचं ठरवलं. अंग ताणून बघितलं, आखडून बघितलं, वाऱ्याच्या झोताला अंगावर घेतलं. काही होईना. फुटायला दोन्हीकडून कोणीतरी धरलेलं लागतं, हे तिला आता उमगलं. तिने ओलीला हाक मारली, माझं टोक होतं तसं कर म्हणाली. ओलीला सोडवता येत होतं, धरता येत नव्हतं. मग ती ओळंब्याला हाका मारत राहिली. "आजोबा, मी खोटं बोलले. आजोबा, तुमचा दोरा चांगला आहे." कोठी महालाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिचं दार जाड शिसवी लाकडाचं होतं.

"ओरडू नकोस, पोरी," येसाक्का हळूच म्हणाली. "पाखरं घाबरतील."

पाखरं तशीही त्या आठवड्यात आली नव्हती.

जमिनीने कूस बदलली ती भर दुपारी. महालाने एकदा दम घेतल्यासारखं केलं. भेग हातभर उघडली आणि भेगेच्या उजवीकडची सगळी भिंत, पानं, समया, पाट, नव्व्याण्णव पाहुणे आणि सर्वांत आधी दाजीबा, अशी उभीच्या उभी बाहेर कलली आणि खाली गेली. दाजीबा काहीतरी म्हणाले होते. काय, ते आवाजात ऐकू आलं नाही.

धूळ बसायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी थाप्या आल्या आणि दगड बाजूला करू लागल्या. ढिगाऱ्यात कळस उताणे पडले होते. जमिनीवरून वर बघायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"काच काय म्हणते?" त्यांतल्या एकाने विचारलं.

"शाबूत आहे, सरकार," थापी म्हणाली.

"मग हे झालं कसं?"

थापीने कोठी उकरून ओळंब्याला बाहेर काढलं, नवा दोरा लावला आणि उरलेल्या भिंतीवरून खाली सोडलं. तो हळूहळू उतरत गेला. डावीकडचा तुकडा तेवढा उभा होता. त्यावर येसाक्का भातवाढी पुढे करून वाकलेली होती आणि भातवाढीच्या पुढे आकाश होतं. तिच्या हाताशेजारून काचपट्टी भिंतीच्या बाहेर आडवी आली होती, अख्खी, एक ओरखडा नसलेली, आणि तिच्या खालून वारा जात होता.

ओळंबा तिच्या उजव्या टोकापाशी येऊन थांबला. त्या टोकाला चुन्याचा कणही लागलेला नव्हता. तो बराच वेळ तिथे सरळ लोंबत राहिला, आणि या वेळी, ती बरी आहे का, असं त्याने विचारलं नाही.