कच्च्या पोटाची राणी आणि मिठाचा राजा

एका राज्यात, जिथे राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत आणि भरतीच्या लाटा मुजरा करायला दरबाराच्या उंबऱ्यापर्यंत येत, कनकलेखा नावाची राणी होती. राणी मोठी शूर. तिने वेताळाला सोंगट्यांत हरवलं होतं, आणि एकदा आभाळातून पडणारी उल्का पदरात झेलली होती. पदर जळला, राणीला काही झालं नाही. पण तिला गलबत लागत असे. गलबतच कशाला, झोपाळ्याचे तीन झोके झाले की तिचा चेहरा कच्च्या कैरीसारखा हिरवा होई. म्हणून समुद्रकाठच्या राज्याची राणी असूनही तिने समुद्रावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

तिचा नवरा, राजा वीरकेतू, मात्र जन्माचा दर्यावर्दी. वादळात डोलकाठीला टेकून पोटभर जेवणारा. आणि कुणाला गलबत लागलेलं दिसलं की खो खो हसणारा. हे हसणंच त्याला भोवलं.

एका सकाळी एक पाणकावळा दरबारात शिरला, सिंहासनाच्या हातावर बसला, चोचीतला मिठाचा खडा राणीच्या मांडीवर टाकला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "राणीबाई, हे महाराजांच्या अंगठ्याचं नख."

"कुठे आहेत महाराज?"

"तीन पाण्यांपलीकडच्या बेटावर. तिथे धूम्रदंष्ट्र नावाचा मांत्रिक राहतो. काल तो होडीत बसला आणि त्याला होडी लागली. वाकून ओकत होता बिचारा, तोच महाराजांचं गलबत जवळून गेलं. महाराज हसले."

"किती हसले?"

"पोट धरून. वर खलाशांना हाका मारून दाखवलं."

राणीने कपाळाला हात लावला. नवऱ्याला ती ओळखून होती.

"मांत्रिकाने शाप दिला. आता ते बेटावर उभे आहेत," पाणकावळा म्हणाला, "आणि पायांपासून मीठ चढतंय. आज गुडघे, उद्या छाती, परवा सूर्य बुडता बुडता डोकं. मग कायमचेच. शापाला तोड एक आहे. महाराजांच्या घरातल्या सगळ्यात कच्च्या पोटाच्या माणसाने तीन पाणी ओलांडून यावं आणि त्यांच्यापुढे उभं राहावं. पण मधे एकदा जरी उलटी झाली, तरी गलबत त्याच क्षणी तुमच्या धक्क्याला परत."

प्रधान धर्मपाळ घसा खाकरून म्हणाले, "तोंडापुढे तस्त धरलं तर?"

"प्रधानजी, शाप तस्ताला फसत नाही."

सगळा दरबार हळूच राणीकडे वळला. राणी उठली. "गलबत काढा."

आता राजघराण्याची रीत अशी की राणी दूरदेशी निघाली की आधी एकवीस पदार्थांचं जेवण. मग गलबताच्या पोटात, सगळ्यात खालच्या दालनात, सहा रेशमी पडद्यांआड तिचं आसन. चार कोपऱ्यांत अत्तरांचे दिवे. इतका मान दुसऱ्या कुणाला नाही. राणी मानाने जेवली, मानाने खाली उतरली, आणि हिरोजी तांडेलाने शीड उभारलं.

पहिलं पाणी लाटांचं. एकेक लाट देवळाच्या कळसाएवढी, आणि झोपलेल्या हत्तीच्या श्वासासारखी संथ. राणीला दिसत होते फक्त पडदे, तेही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिसऱ्या लाटेला पुरणपोळी जागी झाली. पाचव्या लाटेला बासुंदी तिला येऊन मिळाली. सातव्या लाटेला राणीने तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता.

एकदम सगळं शांत झालं. राणी वर येऊन पाहते तर आपलाच धक्का, आणि निरोप द्यायला आलेले लोक अजून हात हलवत होते.

पाणकावळा खुंटावर बसला होता. "काय जेवलात?"

"एकवीस पदार्थ."

"बसलात कुठे?"

"तळाशी. पडद्यात."

"शाबास! आणखी एक झोपाळा टांगून घ्यायचा होता आत." त्याने पंख झटकले. "ऐका. पोट भरलेलं नको आणि रिकामंही नको. मूठभर लाह्या खा, आल्याची वडी दाढेखाली धरा. अत्तरं फेकून द्या. डोलकाठीपाशी उघड्यावर बसा, गलबताच्या मध्यावर हेलकावा कमी असतो. आणि आभाळ जिथे पाण्याला टेकतं त्या रेषेवर नजर ठेवा. बाकी सगळं हलतं, ती रेषा हलत नाही."

"महाराणी उघड्यावर?" प्रधान कळवळले. "रीत काय म्हणेल?"

"रीतीला विचारा," राणी म्हणाली, "तिला मीठ उतरवता येतं का."

दुसऱ्या दिवशी राणी डोलकाठीला पाठ लावून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने समुद्र आतून पाहिला. लाट उभी राहिली की तिच्या हिरव्या काचेतून आतलं सगळं दिसे. बुडालेल्या नगरांच्या वेशी होत्या, त्यांतून ये-जा करणारे सोन्याच्या पाठीचे मासे होते, आणि एका देवळात घंटा वाजत होती. राणीच्या अंगावर शहारा आला. पण नजर तिने दूरच्या रेषेवरून ढळू दिली नाही, आणि पहिलं पाणी ओलांडलं.

मग दुसरं पाणी आलं, धुक्याचं. वर पांढरं, खाली पांढरं, आणि जिला ती धरून बसली होती ती रेषाच पुसली गेली. गलबत डुलतंय हे पोटाला कळे, डोळ्यांना कळेना. दोघांचं भांडण जुंपलं, आणि पोट जिंकलं.

पुन्हा धक्का. दूर बेटावर राजा छातीपर्यंत मीठ झाला होता.

"आता?" राणीने विचारलं.

पाणकावळ्याने मान खाली घातली. "धुक्यात मी उडत नाही, राणीबाई. पुढचं मला ठाऊक नाही."

राणी दोर गुंडाळणाऱ्या हिरोजी तांडेलाकडे वळली. मग म्हणाली, "तांडेल, तुम्हाला कधी गलबत लागलं नाही?"

"लागतं की, राणीसाहेब. दुसऱ्याच्या गलबतात नुसता बसलो की अजून लागतं. साठी उलटली, पण काय करणार?"

"मग आपल्या गलबतात का लागत नाही?"

"सुकाणू हातात असतं ना. लाट आली की आधी हाताला कळतं, हात पोटाला सांगतो. पोट बेसावध राहत नाही."

"आणि हे तुम्ही दोन दिवस पोटात ठेवलंत?"

म्हातारा गोरामोरा झाला. "राजाच्या घरच्या हातांनी तलवार धरावी, फूल धरावं. त्या हातांत सुकाणू द्या, असं कोणत्या तोंडाने म्हणू? गरिबाची जीभ उचलत नाही, राणीसाहेब."

प्रधानांनी तोंड उघडलं. राणीने त्यांच्याकडे पाहिलं. प्रधानांनी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा कनकलेखा राणी कासोटा मारून सुकाणूशी उभी होती, आणि हिरोजी तिच्या शेजारी हात मागे बांधून.

लाटांचं पाणी गेलं. धुकं आलं. रेषा पुसली गेली. राणीने लाकडावर तळवे घट्ट टेकले आणि वाट पाहिली. लाकूड थरथरलं. दूर कुठेतरी एक लाट निघाली होती, आणि ती येते आहे हे तिला ती येण्याआधी कळलं. राणीने गुडघे सैल केले, लाट गलबताखालून गेली, आणि पोट आपल्या जागी राहिलं. मग दुसरी, मग तिसरी. त्या पांढऱ्या अंधारात एवढा थोरला समुद्र लहान मुलासारखा तिच्या तळहातांशी बोलत होता. राणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. धुक्याने लागल्या असतील, असं हिरोजी पुढे सांगे.

तिसरं पाणी भोवऱ्याचं. नगराएवढं रुंद आणि इतकं खोल की भरदिवसा तळाशी चांदण्या दिसत होत्या.

"अडून उभ्या राहू नका," हिरोजी ओरडला. "वळणाला अंग द्या!"

राणीने वळणाला अंग दिलं. भोवऱ्याने तिला तीन वेळा फिरवलं, चौथ्या वेळी कंटाळला आणि बेटाच्या वाळूवर अलगद ठेवून दिलं.

राणीने वाळूवर पाऊल टाकलं, आणि बेट हललं.

खोटं वाटतं? तीन पाणी ओलांडून उतरा एकदा. समुद्र थांबतो, पण पाय थांबत नाहीत. बेट डावीकडे कललं, उजवीकडे कललं, राणीच्या घशाशी आंबट आलं. समोर राजा उभा होता, गळा, ओठ, नाक, सगळं पांढरंशुभ्र. उरले होते फक्त डोळे. पाठीमागे सूर्य पाण्याला टेकला होता.

"उभ्या राहा, राणी," मांत्रिक खडकावरून म्हणाला. "नुसतं उभं राहायचं आहे." त्याला ठाऊक होतं. होडीतून परतताना याच वाळूवर, या शेवटच्या पावलाला, तो स्वतःही कैकदा हरला होता.

राणीने रेषा शोधली. ती पाठीमागे, समोर नुसते खडक. सुकाणू शोधलं. हात रिकामे. मग तिने राजाच्या डोळ्यांत पाहिलं. ते हसत नव्हते. आणि ते हलत नव्हते. बेट डुललं, आभाळ डुललं, ते दोन डोळे तेवढे स्थिर होते. राणीने त्यांच्यावर नजर रोवली आणि श्वास सोडला. हळूहळू वाळू वाळूच्या जागी आली, खडक खडकांच्या जागी आले, आणि राणी उभी राहिली.

सूर्य बुडाला. मीठ तडकलं. वीज पडावी तसा आवाज झाला आणि राजा पांढऱ्या ढिगातून बाहेर आला.

"कनकलेखा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू हिरवीगार झाली आहेस."

"मग हसा."

"येत नाही हसू," राजा म्हणाला. तीन दिवस तो समुद्राकडे तोंड करून उभा होता. तिचं गलबत दोनदा दिसेनासं झालेलं त्याने पाहिलं होतं. तो मांत्रिकाकडे वळला आणि मुकुट काढून मान लववली. "माझी चूक झाली."

मांत्रिक खडकावरून उतरला. मग हळूच म्हणाला, "राणी, चाळीस वर्षं झाली. पलीकडच्या किनाऱ्यावर माझं घर आहे. होडीत बसलो की अर्ध्यातून मागे फिरतो."

"या," राणी म्हणाली. "सुकाणूवर तुमचीही पाळी लावू."

शाप सुटला तसा भोवरा निजला, धुकं उठून गेलं आणि तिन्ही पाण्यांचं मिळून एक साधं, निळं पाणी झालं. मांत्रिकाच्या पाळीत गलबत दोनदा उलट्या दिशेला गेलं, एकदा तर बेटालाच प्रदक्षिणा घालून आलं, पण सुकाणूशी उभ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कुणी हसलं नाही. पाचव्या दिवशी त्याला त्याच्या दारात उतरवून सगळे घरी पोहोचले.

राज्य आपल्या जागी आलं, राजा आपल्या जागी आला, आणि राणीचं पोटही, बहुतेक वेळा, आपल्या जागी राहिलं.