तित्तिरांना मारलेली ढेकळे

फार पूर्वी काशीदेशात एक पक्षिप्रेमी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वनाच्या कडेला घर बांधून राहत होता. आधी तो याच राजाचा अमात्य होता. सल्ला विचारला जातो पण ऐकला जात नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने पद सोडले. राजाला पक्षी मात्र खरोखरच आवडत, विशेषतः तुपात परतलेले.

हिवाळ्यात बोधिसत्त्व सकाळ-संध्याकाळ अंगणात बसे. कुंपणावर थिरथिरा पक्षी शेपटी हलवी, धुक्यातून भेकर डोकावे. मग तो "आऽ आऽ" अशी हाक देऊन कण्या टाकी आणि झुडपांतून तित्तिर धावत येत. एक लंगडी तित्तिरी तर त्याच्या पायाशी येऊन टिपे.

ही वार्ता राजाच्या पाकशाळेत पोहोचली. एका दुपारी तिथला अधिकारी भद्रक आला.

"उद्या सकाळी अंगणात जाळं लावतो. जाळं आमचं, हाक तुमची. महाराज अमात्यपद परत देतील."

"मी हाक दिली नाही तर?"

"मी देईन. अशी काय मोठी विद्या आहे ती!"

तो गेल्यावर बोधिसत्त्वाने विचार केला : नकाराने देऊ केलेले पद जाईल, पण पक्षी वाचणार नाहीत. त्यांचा विश्वास हेच खरे जाळे आहे, आणि ते मी विणले आहे.

संध्याकाळी त्याने नेहमीची हाक दिली. तित्तिर आले. त्याने त्यांच्यावर ढेकळे फेकली.

पत्नी उत्पला धावत बाहेर आली. "अहो, बोलावून मारताय? मग दरबारातच राहायचं होतं!"

"आज पाठ दुखेल त्यांची. उद्या मान गेली असती."

सगळे उडाले. लंगडी मात्र थांबली आणि फुटलेल्या ढेकळात दाणा शोधू लागली. बोधिसत्त्वाचा हात अडला. मग त्याने दुसरे ढेकूळ उचलले आणि नेम चुकू दिला नाही. ती फडफडत झुडपात गेली.

सकाळी भद्रकाने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कावळे आले, कण्या खाऊन गेले.

त्या हिवाळ्यात बोधिसत्त्व अंगणात आला, की वन गप्प होई. तेवढे ऐकून तो आत जाई.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भद्रक म्हणजे माझा जुना वैरी देवदत्त, त्याला कुठल्याच जन्मात सुट्टी नाही. काल मी कठोर बोललो म्हणून रुसून बसलेला हा भिक्षू ती लंगडी तित्तिरी होता. तो गृहस्थ मीच. भिक्षूंनो, याला करुणा म्हणतात. आपण आवडावे, ही तिची अट नसते."